उतरंड फोडायची, तर माती आपल्या हातात हवी

मराठीत 'उतरंड' या शब्दाला दोन अर्थ आहेत. घराच्या कोपऱ्यात एकावर एक रचलेली मडकी ही उतरंड, आणि जातीची असते तीही उतरंडच. दोन्हींची रचना सारखी असते. सगळ्यात मोठं मडकं तळाला, सगळ्यात लहान शेंड्यावर. भार सगळा खालच्याने सोसायचा आणि लोकांच्या नजरेत आधी भरायचं ते वरच्याने!

सांगलीच्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातून आलेले चित्रकार-शिल्पकार प्रभाकर कांबळे यांनी हाच शब्द उचलला आणि मातीची मडकी रचून 'उतरंड' ही शिल्पमालिका उभी केली. २०२२ साली ती बर्लिनच्या बाराव्या बिनालेत, म्हणजे समकालीन कलेच्या जागतिक प्रदर्शनात, मांडली गेली. पण सातारा-सांगलीच्या किती भीमनगरांत, किती सिद्धार्थनगरांत हे नाव पोहोचलं? ते पोहोचलं नसेल, तर त्यामागे एक व्यवस्था आहे. आमचा हल्ला त्या व्यवस्थेवर आहे.

या व्यवस्थेने कलेचेही वर्ण पाडले आहेत. वरच्याने केली की ती 'कला', खालच्याने केली की 'कारागिरी'. कुंभाराने मडकं घडवायचं, मांगाने दोर वळायचा, चांभाराने मोट शिवायची आणि बदल्यात बलुतं घ्यायचं. खाली सही करायची नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये स्पष्ट केलं की जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे. आम्ही त्याला एवढंच जोडतो, की ती हातांची आणि डोक्यांचीही विभागणी आहे. हात खालच्यांचे, कल्पना वरच्यांची, आणि नाव तर वरच्यांचंच!

माती आणि काच ही दोनच द्रव्यं घ्या. त्यांच्यात आपला केवढा इतिहास आहे बघा. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडकं अडकवलं गेलं, कारण त्याची थुंकी जमिनीवर पडली तर रस्ता बाटत होता. पुढे गावोगावच्या हॉटेलांत आपल्यासाठी वेगळी कपबशी आणि वेगळा ग्लास ठेवला गेला. तो आपणच विसळून परत बाहेर ठेवायचा. सवर्णासाठी मडकं आणि ग्लास म्हणजे पाणी प्यायची भांडी. आपल्यासाठी ती जातीची प्रमाणपत्रं होती.

साताऱ्याला तर हे सांगायलाच नको. ७ नोव्हेंबर १९०० रोजी याच शहरातल्या शाळेत भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव दाखल झालं. आज हा दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. पण त्या मुलाला नळाला हात लावायची परवानगी नव्हती. शिपायाने नळ सोडला तर पाणी मिळायचं, शिपाई नसला तर तहान तशीच. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी हे लिहून ठेवलं आहे.

याच जिल्ह्यात कराडजवळ ओगलेवाडी आहे. १९१६ साली तिथे ओगले बंधूंचा काच कारखाना सुरू झाला आणि त्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्रभर घरोघरी गेला. उद्योजकांचं नाव गावाला मिळालं, ते त्यांच्या कर्तृत्वाने मिळालं, आमची तक्रार नाही. पण भट्टीच्या तोंडाशी उभं राहून ज्यांनी ती काच घडवली, त्यांची नावं कुठल्या फलकावर आहेत? औंधच्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, हेन्री मूरचं शिल्प आहे. शाळांच्या सहली तिथे जातात. जरूर जाव्यात. जाताना एक प्रश्न तेवढा सोबत न्यावा : या जिल्ह्यातल्या बलुतेदारांच्या हातांना 'कलावंताचे हात' कोण, कधी म्हणणार?

राज्यश्री गुडी या पुण्याच्या कलावंत हेच प्रश्न माती आणि काचेतून विचारतात. त्या सिरॅमिकमध्ये काम करतात. २०१७ सालच्या त्यांच्या एका कलाकृतीचं नावच 'पाण्याची जात कोणती?' अशा अर्थाचं आहे. त्यात १०८ ग्लास आहेत आणि ग्लासांत पंचगव्य मिसळलेलं पाणी. १०८ हा आकडा कुठून आला हे आपल्या वाचकांना सांगावं लागू नये. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले आणि नंतर सनातन्यांनी १०८ घागरी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळं 'शुद्ध' केलं. ती शुद्धी या कलावंताने पारदर्शक काचेत भरून जगासमोर ठेवली. आता सांगा, घाण कुठे होती? शंभर भाषणांनी व्हावं ते काम तिथे नुसते ग्लास करतात.

यावर प्रस्थापितांचं उत्तर ठरलेलं आहे : 'ही कला नाही, हा प्रचार आहे.' दलित साहित्य आलं तेव्हा हेच ऐकवलं गेलं होतं. मंदिरातली मूर्ती आणि राजाचं तैलचित्र म्हणजे शुद्ध कला, आणि तळ्याचं पाणी म्हणजे प्रचार? जात न दिसणं ही ज्यांची सोय आहे, त्यांनाच जात दाखवणारी कला प्रचारकी वाटते.

हा प्रश्न फक्त भारताचा नाही. अमेरिकेतल्या नवाहो लोकांना १८६४ साली सैन्याने त्यांच्या भूमीतून हुसकावून शेकडो मैल पायी चालवलं. पुढे बाजाराने त्यांच्याकडून 'पारंपरिक' वस्तू तेवढ्या मागितल्या : घोंगड्या विणा, चांदीचे दागिने घडवा. त्याच समाजातल्या ख्रिस्टीन मॅकहॉर्स (१९४८–२०२१) यांनी अभ्रकाच्या मातीतून काळी, अमूर्त शिल्पं घडवली आणि आदिवासी कलावंत समकालीनही असतो हे मान्य करायला लावलं. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तिदात्यांना अर्पण केली. १९७२ साली दलित पँथरने ब्लॅक पँथरकडून नाव घेतलं. जगातल्या दबलेल्यांशी नातं जोडणं ही आपलीच परंपरा आहे. मग नवाहोंच्या मातीशी ते का जोडू नये?

काही कार्यकर्ते म्हणतील, 'पोटाचे प्रश्न पडलेत, अ‍ॅट्रॉसिटीचे खटले पडलेत, आणि तुम्ही मडकी काय घेऊन बसलात? गॅलरी तर श्रीमंतांची.' गॅलरी श्रीमंतांची आहे, हे खरं. म्हणूनच ती त्यांच्या ताब्यात सोडून चालणार नाही. आणि दृश्याची लढाई पोटाच्या लढाईपासून वेगळी नसते. २०२३ साली सांगली जिल्ह्यातल्या बेडगमध्ये बाबासाहेबांच्या नावाची कमान पाडली गेली आणि आपल्या माणसांनी घरदार सोडून मुंबईची वाट धरली. कमान कुणाची भाकरी हिसकावत नव्हती. मग ती का खुपली? कारण गावाच्या वेशीवर कोणाची खूण दिसावी, हे ठरवण्याचा अधिकार त्यांना सोडायचा नव्हता. जे आपल्या खुणांना इतके घाबरतात, त्यांना खुणांची ताकद आपल्यापेक्षा जास्त कळते.

म्हणून सातारा-सांगलीतल्या तरुणांपुढे आम्ही चार गोष्टी ठेवतो. जयंतीच्या वर्गणीतला ठरावीक हिस्सा डीजेच्या भिंतीऐवजी वस्तीतल्या चित्रकार-शिल्पकार मुलामुलींना द्या. ७ नोव्हेंबरला साताऱ्यात भाषणांसोबत त्यांचं प्रदर्शन भरवा. कुंभारवाड्यात जा, तिथल्या भट्टीवर एकत्र काम करा. जातीने वाटून दिलेली माती अशी एकत्र मळणं हेच जातिअंताचं काम आहे. आणि आपल्या कलावंतांवर आपणच लिहा, नाहीतर त्यांची समीक्षाही तेच करतील आणि किंमतही तेच ठरवतील.

वाटेगावच्या अण्णा भाऊ साठेंनी १९५८ साली ठणकावून सांगितलं होतं, की पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नव्हे, दलित-कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरली आहे. ज्या तळहाताने पृथ्वी तोलली, त्याला मूठभर मातीला आकार देण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. उतरंडीतलं तळाचं मडकं हललं की वरची आपोआप गडगडतात.

जय भीम! जय जोती!