पुडीतले चूर्ण कोणत्या झाडाचे?

‘डॉक्टर, हे झाडपाल्याचेच आहे, याने काय अपाय होणार?’ सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात हा प्रश्न नेहमीचाच. समोर कागदाची पुडी असते, आत भुरकट चूर्ण. ते कशाचे, हे रुग्णाला ठाऊक नसते आणि नुसते पाहून आम्हालाही सांगता येत नाही.

हे अज्ञान किती महाग पडते, ते बेल्जियममधील ब्रुसेल्सने पाहिले. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला वजन घटवण्यासाठी चिनी वनौषधी घेतलेल्या तिथल्या स्त्रियांची मूत्रपिंडे झपाट्याने निकामी होऊ लागली. औषधात ‘स्टेफानिया’ या वनस्पतीऐवजी ‘अ‍ॅरिस्टोलोकिया’ ही विषारी वनस्पती आली होती. दोघींची चिनी नावे मिळतीजुळती. शंभराहून अधिक जणांना इजा झाली. पुढे त्यांपैकी ३९ रुग्णांची निकामी मूत्रपिंडे व मूत्रवाहिन्या काढून तपासल्या, तेव्हा १८ जणांत कर्करोग आढळला.

अशी अदलाबदल वेळीच पकडण्याचे साधन आज आहे. पानांना हिरवा रंग देणाऱ्या हरितलवकांत स्वतःचा वेगळा डीएनए असतो. मुळात किंवा सालीत हिरवेपणा नसला, तरी तिथल्या लवकांत हाच डीएनए असतो. एकेका पेशीत त्याच्या असंख्य प्रती असल्याने वाळलेल्या चिमूटभर नमुन्यातूनही तो मिळू शकतो. त्यातील ‘आरबीसीएल’ आणि ‘मॅटके’ ही दोन जनुके २००९मध्ये वनस्पतींची ओळखखूण म्हणून आंतरराष्ट्रीय पातळीवर सुचवली गेली. पहिले सावकाश बदलते, त्यावरून कूळ कळते. दुसरे तुलनेने लवकर बदलते, त्यामुळे जवळच्या जाती वेगळ्या करायला मदत होते.

याच जनुकांनी वनस्पतींची वंशावळही नव्याने मांडली. १९९३मध्ये सुमारे ५०० सबीज वनस्पतींच्या ‘आरबीसीएल’ची तुलना प्रसिद्ध झाली. अशा अभ्यासांतून दिसले, की कमळ आणि कुमुदिनी एकाच तळ्यात फुलत असल्या, तरी कमळाचे जवळचे नाते काश्मीरच्या चिनार वृक्षाशी आहे. दिसण्यातले साम्य म्हणजे नाते नव्हे, हा त्याचा धडा.

तो आपल्याकडेही लागू पडतो. स्त्रियांच्या विकारांवर वापरल्या जाणाऱ्या सीता-अशोकाच्या सालीत रस्त्याकडेच्या उंच, सरळसोट ‘खोट्या अशोका’ची साल मिसळली जाते, ही जुनी तक्रार आहे. सीता-अशोक चिंचेच्या कुळातला, खोटा अशोक सीताफळाच्या. वाळलेल्या सालीच्या भुकटीत डोळ्यांना हा फरक दिसत नाही, जनुकाला दिसतो.

या चाचणीच्या मर्यादाही आहेत. या दोन जनुकांनी २००९च्या त्या पाहणीत सुमारे ७२ टक्के जातीच नेमक्या ओळखता आल्या. खूप उकळलेल्या काढ्यात डीएनए तुटतो. वनस्पती खरी असली, तरी तिची मात्रा किती आणि सोबत शिसे-पारा आहे का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी रासायनिक तपासणी हवीच.

म्हणूनच ही तपासणी औषध तयार झाल्यावर नव्हे, कच्चा माल कारखान्याच्या दारात येतो तेव्हा सक्तीची हवी. सरकारी औषध प्रयोगशाळांना तशी यंत्रसामग्री आणि माणसे द्यायला हवीत. शिवाय जनुकाचा क्रम जुळवायचा, तर जाणकाराने ओळखलेला अस्सल नमुना हाताशी लागतो. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण आणि आघारकर संशोधन संस्था यांच्याकडे वाळवून जपलेल्या वनस्पतींचे मोठे संग्रह आहेत. त्यांचा उपयोग करून आपल्या औषधी वनस्पतींची जनुकीय नोंद पूर्ण करता येईल. याला आयुर्वेदावरचा अविश्वास समजू नये. खरे औषध देणाऱ्या वैद्याचाच यात फायदा आहे.

तोवर आम्हा डॉक्टरांनी एक करावे. ‘आणखी काय घेता?’ हे न रागावता विचारावे. रुग्णांनीही पुडी लपवू नये, सोबत आणावी. मूत्रपिंड निकामी झाल्यावर झाडाचे नाव कळून उपयोग नसतो.