मॉनिटर घेताना मराठी वाचून बघा

घरासाठी मॉनिटर घ्यायचा म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "किती इंची?" दुसरा येतो, "केवढ्याला?" तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते तोच आधी विचारायला हवा: यावर आपली मराठी तासभर सलग वाचता येईल का?

यात भाषाप्रेम थोडं आणि हिशेब जास्त आहे. पडद्यावरचं प्रत्येक अक्षर बारीक ठिपक्यांनी बनतं, त्यालाच पिक्सेल म्हणतात. फुल एचडी मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. मॉनिटर २४ इंची असो की २७ इंची, फुल एचडी असेल तर ठिपके तेवढेच. मोठ्या पडद्यावर ते फक्त लांब-लांब पसरतात. २४ इंचीवर एका इंचात सुमारे ९२ ठिपके बसतात, २७ इंचीवर सुमारे ८२. साडेएकवीस इंचीवर मात्र १०२. आणि घरातला ३२ इंची साधा एचडी टीव्ही सीपीयूला जोडला तर इंचाला जेमतेम ४९! फोनवर हाच आकडा ४०० च्या घरात असतो. म्हणून फोनवर सुबक दिसणारी मराठी टीव्हीवर दातेरी दिसते.

इंग्रजीला याचा फारसा त्रास होत नाही, कारण तिची अक्षरं सुटी-सुटी आणि साधी. देवनागरी म्हणजे तिमजली घर. मधल्या मजल्यावर अक्षर, वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, रुकार. 'सर्वांनी' हा रोजचा शब्द घ्या. त्यातल्या 'वा'च्या डोक्यावर रफार आणि अनुस्वार दोघं एकाच कोपऱ्यात दाटीनं बसलेत. 'राष्ट्र'मधला 'ष्ट्र' बघा, एका अक्षराच्या जागेत तीन व्यंजनं. ठिपके कमी पडले की हे सगळं एकमेकांत मिसळतं. 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध' यांच्यातला फरक तर वरच्या रेघेतल्या छोट्याशा फटीचा. ती फट बुजली की 'भरण'चं 'मरण' व्हायला वेळ लागत नाही. आपण संदर्भावरून ओळखतो म्हणा, पण ते ओळखण्याचं काम डोळ्यांनाच करावं लागतं, पानामागून पान.

आपल्या भागात हा प्रश्न जास्तच लागू पडतो. १ नोव्हेंबर १९५६ ला बिदर आणि गुलबर्गा हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात आले. तेव्हापासून भालकी, औराद, बसवकल्याण, आळंदच्या कितीतरी घरांत मराठी बोलायला, कन्नड कचेरीला आणि इंग्रजी नोकरीला, अशी वाटणी झालीय. शेजारी उर्दू आहेच. कन्नडची ओत्तक्षरं मूळ अक्षराच्या खाली बारीक होऊन बसतात, उर्दूत एका नुक्त्यावर अक्षर बदलतं. म्हणजे घरातल्या चार लिप्यांपैकी तिघींना दाट ठिपके लागतात, आणि मॉनिटर निवडला जातो तो चौथीच्या भरवशावर.

दुकानात तर लिपी लांबच, तिथं धबधब्याचा नाहीतर सिनेमाचा व्हिडिओ लावलेला असतो. "२७ इंची घ्या की, थेटरसारखं दिसतंय," असं म्हणतात, आणि दिसतंही. पण हलत्या चित्रावर अक्षराची परीक्षा होत नाही. म्हणून जाताना पेन ड्राइव्हवर तीन पानं न्यावीत: युनिकोडमध्ये टाइप केलेलं मराठी पान, एखाद्या जुन्या पुस्तकाचं स्कॅन आणि एक कन्नड पान. रोज जेवढ्या अंतरावर बसणार तेवढ्याच अंतरावरून, साधारण हातभर, ती वाचावीत. पाच मिनिटं वाचलं की उत्तर मिळतं.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. आयपीएस पॅनल बरं, बाजूनं बघितलं तरी रंग उडत नाहीत आणि घरात एका मॉनिटरवर दोघं-तिघं वाकून बघणारच. पडदा मॅट असावा, नाहीतर दुपारी खिडकीच त्यात दिसते. जुन्या निळ्या व्हीजीए केबलपेक्षा एचडीएमआयवर अक्षरं स्वच्छ येतात. विंडोजमध्ये क्लिअरटाइप चालू आहे का तेही बघा, ते फुकट आहे. १४४ हर्ट्झ वगैरे गेम खेळणाऱ्यांसाठी, वाचणाऱ्याला ६० पुरतात. वाचलेले पैसे उंची कमी-जास्त होणाऱ्या स्टँडला द्यावेत. स्टँड उभा फिरणारा असला तर स्कॅन केलेलं अख्खं पान एका नजरेत मावतं.

कुणी म्हणेल, २७ इंचीवर अक्षरं मोठी करून वाचू की! वाचता येईल, पण मग ओळी कमी मावतात आणि मोठ्या पडद्याचे जादा पैसे कशाला दिले हा प्रश्न उरतो. २७ इंचीच हवा असेल तर २५६० गुणिले १४४० चा घ्यावा, त्यात इंचाला सुमारे १०९ ठिपके येतात. तो महाग पडतो. बेताच्या बजेटात २२ किंवा २४ इंची फुल एचडी हाच शहाणपणाचा सौदा.

एवढा खल कशाला? कारण यंत्राला लिपी झेपली नाही तर माणसं लिपी सोडतात. फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात राचोलला छापलं गेलं. भाषा मराठी, पण अक्षरं रोमन, कारण तिथं देवनागरीचे खिळे नव्हते. पुण्यात शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत छापून आणेपर्यंत १९५६ साल उजाडलं, म्हणजे मध्ये ३४० वर्षं गेली. आज खिळे आहेत, युनिकोड आहे, फुकटचे चांगले फॉन्ट आहेत. तरी आपल्या ग्रुपवरची अर्धी मराठी रोमनमध्येच येते. मॉनिटरवर मराठी वाचताना डोळे दुखले की आपण गुपचूप इंग्रजी पानाकडे वळतो, आणि ही सवय घरातली लहान भावंडं बघत असतात.

म्हणून मंडळाला एक सुचवावंसं वाटतं. मराठी आणि कन्नड मजकुराचं, जोडाक्षरांनी भरलेलं एक चाचणीचं पान आपणच तयार करू आणि सगळ्यांना वाटू. ज्याच्या घरी मॉनिटर यायचाय त्यानं ते दुकानात न्यावं आणि आधी ते उघडायला सांगावं. दुकानदारालाही कळू दे की हे गिऱ्हाईक मराठी वाचतं.