रिव्हॉल्व्हर की पिस्तूल? त्याआधी नियम ३

मागच्या महिन्यात भिलाईला घरी गेले होते, तेव्हा मामेभावाने विचारलं, "रिव्हॉल्व्हर घेऊ का पिस्तूल? तू ॲट्रॉसिटीवरच पीएचडी करून राहिली ना, सांग मग." मला वाटलं चेष्टा करतोय. पण त्याच्या मोबाईलमध्ये लायसनचा फॉर्म, कानपूरच्या कारखान्याचे भाव आणि यूट्यूबचे दहा-बारा व्हिडिओ सेव्ह होते. त्याचा विचार बराच पुढे गेला होता.

दादा वकील आहे. आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. आजोबा गोंदियाकडून भिलाईला आले ते ठेकेदाराकडे माती उचलायला. त्यांचा नातू आज दुर्गच्या कोर्टात काळा कोट घालून उभा राहतो आणि ज्या केसेस घ्यायला बाकीचे कां-कूं करतात त्या घेतो. सध्याच्या एका केसमध्ये आरोपींची माणसं दोनदा त्याच्या घराच्या फाटकापर्यंत येऊन गेली. दुसऱ्या वेळी एकाच्या खांद्याला बंदूक होती, रीतसर लायसनची. दादाने ठाण्यात जाऊन तोंडी सांगितलं, त्यांनीही तोंडीच ऐकून घेतलं. घरात दोन लहान मुली आहेत.

अशा माणसाला अहिंसेचं प्रवचन देणं मला जमणार नाही. म्हणून आधी त्याने विचारलेल्याचंच उत्तर.

रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्या फिरत्या चक्रीत असतात, साधारण सहा. एखादी गोळी फुसकी निघाली तर घोडा पुन्हा दाबायचा, चक्री फिरून पुढची गोळी येते. रचना सोपी. वर्षभर कपाटात पडून राहिली तरी चालण्याची शक्यता जास्त. घोडा मात्र जड असतो, नेम हलतो, आणि सहा गोळ्या संपल्यावर घाबरलेल्या हातांनी पुन्हा भरणं अवघड. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात गोळ्या मुठीतल्या मॅगझिनमध्ये असतात. सरकारी कारखान्याच्या .३२ 'अशनी' पिस्तुलात आठ बसतात. पहिली गोळी वर घ्यायला स्लाइड मागे खेचावी लागते, पुढच्या आपोआप चढतात. पण काडतूस अडकलं तर ते सोडवायला सराव लागतो. मॅगझिन काढलं तरी एक गोळी नळीत राहू शकते, आणि 'रिकामं आहे' समजून घरातल्याच माणसाला लागलेल्या गोळ्या अशाच सुटलेल्या असतात. सराव करायला गोळ्या लागतात. त्या लायसनवर मोजून मिळतात आणि महाग असतात. ९ एमएम सामान्य नागरिकाला मिळतच नाही, ते प्रतिबंधित बोअरमध्ये येतं. म्हणजे निवड .३२ च्या आसपासच.

वर्षातून चार गोळ्याही न झाडणाऱ्या माणसाने घ्यायचंच असेल तर रिव्हॉल्व्हर घ्यावं, असं मी दादाला सांगितलं. त्याचं समाधान झालं. माझं झालं नाही, कारण आम्ही बोलत होतो त्या घरापासून हुडको लांब नाही.

२८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे शंकर गुहा नियोगी हुडकोतल्या भाड्याच्या घरात झोपले होते. कुणीतरी उघड्या खिडकीतून देशी कट्ट्याने गोळी झाडली. छत्तीसगढ मुक्ती मोर्चाचे नेते, भिलाईच्या खासगी कारखान्यांतल्या ठेका कामगारांचं आंदोलन चालवत होते. धमक्या येत होत्या. आपल्याला मारायचा बेत आहे हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांनी ते डायरीत लिहून ठेवलं होतं, कॅसेटवर बोलूनही ठेवलं होतं. उशाखाली रिव्हॉल्व्हर असतं तर काय झालं असतं? झोपलेल्या माणसाच्या उशाखाली ते तसंच राहिलं असतं. पुढे सत्र न्यायालयाने १९९७ मध्ये दोन उद्योजकांसह सहा जणांना दोषी धरलं, १९९८ मध्ये उच्च न्यायालयाने सगळ्यांना सोडलं आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फक्त गोळी झाडणाऱ्याला जन्मठेप दिली. नियोगींच्या खुनानंतर वर्षही झालं नव्हतं, तोच १ जुलै १९९२ ला भिलाई पॉवर हाऊस स्टेशनपाशी रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. पंधरापेक्षा जास्त माणसं गेली.

नंतरची नावं आठवून पाहा. नरेंद्र दाभोलकर २०१३, गोविंद पानसरे आणि एम. एम. कलबुर्गी २०१५, गौरी लंकेश २०१७. कुणी सकाळी फिरायला निघालेलं, कुणी स्वतःच्या दारात. मारणाऱ्याने वेळ निवडलेली, जागा निवडलेली. कमरेचं हत्यार काढायला जे दोन-तीन सेकंद लागतात तेवढेही त्यांच्याकडे नव्हते.

आणि आपल्यावरचे हल्ले बहुतेक वेळा असेही नसतात. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबावर चालून आला तो जमाव होता, हातात काठ्या आणि कुऱ्हाडी घेतलेला. सुरेखा भोतमांगे एका आधीच्या मारहाणीच्या प्रकरणात साक्षीदार होत्या, हे आपण फार वेळा विसरतो. आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच दिवशी गावात हे घडलं. सहा गोळ्यांचं गणित तिथे कुठे बसतं?

तरीही शस्त्राचा प्रश्न आपल्यासाठी परका नाही. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मांडलंच आहे की चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गांना शस्त्र धरू दिलं नाही, म्हणून या देशात बंड झालं नाही. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसाला लायसन लावलं आणि युरोपियनांना सूट दिली. १८९० च्या दशकात महारांची लष्करभरतीही बंद झाली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडावं लागलं. तेव्हा "आपल्या हातात बंदूक का नको?" असं एखादा मुलगा विचारतो, त्यामागे यूट्यूबच्या व्हिडिओंपेक्षा बरंच काही असतं.

म्हणून मी दादासमोर कायदा उघडला. वकिलाला कायदा दाखवताना जरा संकोच वाटतो, पण ही पानं दुर्गच्या बार रूममध्येही फार कुणी उघडत असेल असं वाटत नाही.

शस्त्र कायदा १९५९, कलम १४(२): अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून लायसन नाकारता येत नाही. कागदावर हे लिहिलेलं आहे. मात्र कलम १३ प्रमाणे अर्जावर अहवाल मागवायचा तो जवळच्या ठाण्याच्या प्रमुखाकडून, म्हणजे दादाचं तोंडी ऐकून घेणाऱ्या त्याच ठाण्याकडून. शिवाय हत्याराची किंमत. दिल्लीच्या 'निर्भया'वरून नाव दिलेलं 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये बायकांच्या सुरक्षेसाठी म्हणून आणलं, तेव्हाच त्याची किंमत एक लाख बावीस हजारांच्या वर होती. शेतात निंदणाला जाणाऱ्या कोणत्या बाईला डोळ्यांसमोर ठेवून ते बनवलं, देव जाणे. (देव म्हणजे इथे ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड.)

आता १९९५ चे ॲट्रॉसिटीचे नियम. नियम ३, उपनियम १. अत्याचार होऊ शकेल असं वाटणारा भाग सरकारने आधी ओळखायचा आहे. तिथे गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना जीव आणि मालमत्तेच्या रक्षणासाठी शस्त्र परवाने द्यायचे, हे खंड (पाच) मध्ये आहे. दादाचे डोळे चमकले. मी म्हटलं, थांब, खंड (तीन) आधी वाच. त्यात लिहिलंय की गरज वाटल्यास जे अनुसूचित जाती-जमातींचे नाहीत अशांचे शस्त्र परवाने रद्द करायचे, आणि एवढंच नाही, त्यांचे जवळचे नातेवाईक, नोकर-चाकर आणि घरचे मित्र यांचेही, आणि ती शस्त्रं सरकारी शस्त्रागारात जमा करून घ्यायची. खंड (चार) बेकायदा हत्यारं जप्त करायला सांगतो.

हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. त्यांची बंदूक आधी जमा करायची, कट्टे आधी जप्त करायचे, मग आपल्याला लायसन. आपण मात्र थेट शेवटच्या खंडावर उडी मारतो, तीही स्वतःच्या खिशातले सव्वा लाख घेऊन. सरकारने करायचं काम एका वकिलाच्या कमरेला लटकवलं जातं, आणि फाटकाशी आलेली बंदूक जिथल्या तिथे राहते.

"जमा कोण करणार?" दादा म्हणाला. पण प्रत्येक निवडणुकीत हेच होतं की. आचारसंहिता लागली की जिल्हा प्रशासन लायसनच्या बंदुका ठाण्यात जमा करून घेतं, पावती देतं, निकालानंतर परत देतं. कुणाकडे काय आहे याची यादी तयार असते. मतदानासाठी जी यंत्रणा चालते ती एका साक्षीदाराच्या जिवासाठी का चालू नये, हा प्रश्न कलेक्टरला लेखी विचारता येतो.

दुसरी गोष्ट सांगताना मला जड गेलं. समज, तू गोळी झाडलीस आणि वाचलास. पुढे काय? ॲट्रॉसिटीची तक्रार दिली की क्रॉस केस पडते, हे तू माझ्याहून जास्त पाहिलंयस. आज ती क्रॉस केस शिवीगाळ-मारहाणीची असते. तुझ्या हातात रिव्हॉल्व्हर असेल तर ती भारतीय न्याय संहितेच्या कलम १०९ खाली खुनाच्या प्रयत्नाची होईल, वर शस्त्र कायद्याचं कलम २७. खासगी बचावाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, पण तो हक्क होता हे सिद्ध करायचं ओझं तुझ्यावर. अमेरिकेत मिनेसोटात ६ जुलै २०१६ ला फिलांडो कॅस्टिल या काळ्या माणसाने गाडी अडवणाऱ्या पोलिसाला स्वतःहून सांगितलं की माझ्याजवळ बंदूक आहे. परवाना होता. पोलिसाने त्याला सीटवरच गोळ्या घातल्या, आणि पुढच्या वर्षी ज्युरीने त्या पोलिसाला सोडलं. हत्यार कुणाच्या हातात आहे यावर ते 'संरक्षण' की 'धोका' हे ठरतं, तिथेही आणि इथेही.

आणि तिसरी गोष्ट घरातली. कॅलिफोर्नियातल्या लाखो प्रौढांच्या नोंदी पाहून २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं की ज्यांच्याकडे हँडगन आहे त्या पुरुषांमध्ये बंदुकीने आत्महत्येचं प्रमाण हँडगन नसलेल्यांच्या आठपट आहे आणि बायकांमध्ये पस्तीसपट. दोन वर्षांनी त्यांनीच दाखवलं की हँडगनवाल्या माणसासोबत राहणाऱ्यांचा खून होण्याचं प्रमाणही दुपटीहून जास्त आहे. आपल्याकडचे असे आकडे कुणी मोजलेले मला माहीत नाहीत. पण पहिल्या पिढीत शिकणाऱ्या पोरांच्या मनावर काय ओझं असतं ते आपल्याला सांगावं लागत नाही. रागाची किंवा निराशेची एक रात्र निघून जाते, कपाटात भरलेलं रिव्हॉल्व्हर असेल तर कधीकधी ती निघून जात नाही.

दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे मी नुसता अर्ज करत बसू?" त्याचा राग खरा होता. अर्ज करून नियोगी वाचले नाहीत, हे त्याने मला ऐकवलं. माझ्याकडे याचं पूर्ण उत्तर नाही. फक्त एवढं की तोंडी सांगितलेल्या धमकीची जबाबदारी कुणावरच येत नाही, आणि इनवर्ड नंबर पडलेल्या अर्जाची येते.

त्या रात्री आम्ही तीन कागद लिहिले. एक पोलीस अधीक्षकांना, दोन्ही वेळच्या तारखा आणि गाडीच्या नंबरासह. एक विशेष न्यायालयाला, कलम १५-क खाली, फिर्यादी कुटुंब आणि साक्षीदारांना संरक्षण मागणारा. कारण दादाच्या फाटकाशी आलेली माणसं त्या कुटुंबाच्या दाराशी रोजच जात असणार, आणि त्यांना तर कुणी रिव्हॉल्व्हरचे भावही विचारत नाही. तिसरा कलेक्टरांना, नियम ३(१) च्या खंड (तीन), (चार) आणि (पाच) खाली एकत्र. (पाच) वगळावा असं माझं मत होतं. दादा ऐकला नाही. म्हणाला, "हक्क आहे तर मागणार. घ्यायचं का नाही ते नंतर बघू." त्याचंही बरोबर असेल.

सोमवारी त्याने तिन्ही कागदांवर शिक्के घेतले आणि पोचपावत्यांचे फोटो मला पाठवले. मुली आता मागच्या खोलीत झोपतात, खिडकी नसलेल्या. कलेक्टर ऑफिसातल्या बाबूने अर्ज वाचून विचारलं म्हणे, हा नियम तीन कुठला? दादा आता नियमांची झेरॉक्स बॅगेत ठेवतो.