पाळण्यातून थेट पहिलीत

गेला महिना-दीड महिना इथे काही लिहिलं नाही. गुडघा, पाऊस आणि आळस, तिन्ही कारणं खरी आहेत. आज मात्र रागाने लिहायला बसलोय. राग आमच्याच एका नातेवाइकांचा आहे. नाव लिहीत नाही, कारण ते हा ब्लॉग वाचतात आणि वाचून झाला की सौ.ला फोन करतात. त्यांना कळेलच.

गणपतीत ते आमच्याकडे वाकोल्याला आले होते. आरती झाली, प्रसाद झाला, मंडळी बाहेरच्या खोलीत टेकली. आमचा नातू, वय वर्षं तेरा, कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसला होता. पाहुण्यांनी वाकून पाहिलं. पडद्यावर एक बाप दोन वर्षांच्या पोराला पॉटीवर बसवत होता. पोर उठून पळत होतं, बाप पुन्हा आणून बसवत होता.

"काय रे, मुलगा ना तू? आणि बाळं सांभाळतोस? तुझ्या वयाची पोरं गेममध्ये बंदुका चालवतात. हा काय भातुकलीचा खेळ!"

सगळे हसले. मीही हसलो, आणि तेच आता टोचतंय. नातवाने लॅपटॉप मिटला आणि आत गेला. जेवायला हाक मारली तेव्हा आला, पण कोणाशी बोलला नाही.

ज्यांना हा खेळ माहीत नाही (मलाही दोन वर्षांपूर्वी नव्हता) त्यांच्यासाठी थोडं सांगतो. खेळाचं नाव 'द सिम्स'. यात राक्षस मारायचे नसतात, गाड्या पळवायच्या नसतात. माणसं असतात, त्यांचं घर असतं, आणि त्यांचा संसार आपण चालवायचा. हा खेळ काढणाऱ्या विल राइट यांचं स्वतःचं घर १९९१ साली अमेरिकेतल्या ओकलंडच्या आगीत जळालं होतं. संसार पुन्हा उभा करताना त्यांना ही कल्पना सुचली म्हणतात. चौथ्या आवृत्तीचा मूळ खेळ २०२२पासून फुकट आहे, म्हणून तो आमच्या घरात शिरला. पैसे पडले असते तर चिरंजीवांनी दारातूनच परत पाठवला असता.

या संसारात मुलं होतात. दीड-दोन वर्षांच्या पोराला इंग्रजीत टॉडलर म्हणतात. आपल्याकडे त्या वयाला धड एक शब्द नाही. रांगतं म्हणावं तर चालतं, चालतं म्हणावं तर चार पावलांवर धप्पकन बसतं. खेळात या पोराच्या सहा गरजा पट्ट्यांनी दाखवलेल्या असतात: भूक, झोप, खेळ, स्वच्छता, शी-शू, आणि सहावी म्हणजे कोणीतरी आपल्याकडे लक्ष द्यावं ही. पट्टी हिरवी असते, मग पिवळी होते, मग लाल. सगळीकडे लाल होऊ दिलं तर सरकारी बाई येतात आणि पोराला घेऊन जातात. चालणं, बोलणं, विचार करणं, कल्पना करणं, सगळं बसून शिकवावं लागतं. शिवाय प्रत्येक पोराचा स्वभाव वेगळा. एक सोशिक, एक हट्टी, एक असं चिकट की बाप दुसऱ्या खोलीत गेला की भोकाड. आणि ही कामं आईनेच करायची असा काही नियम नाही. ज्याला सांगाल तो करतो.

आता गंमत ऐका. २००० साली हा खेळ पहिल्यांदा आला तेव्हा त्यात हे वय नव्हतंच. बाळ पाळण्यात असायचं आणि तीन दिवसांनी एकदम शाळेत जाणारं पोर व्हायचं. २००४च्या दुसऱ्या आवृत्तीत हे दुडदुडणारं वय आलं. २०१४ साली चौथी आवृत्ती निघाली तेव्हा कंपनीने ते पुन्हा गाळलं. पुन्हा पाळण्यातून थेट शाळेत. खेळणारे इतके चिडले की शेवटी १२ जानेवारी २०१७ रोजी कंपनीने हे वय खेळात परत आणलं, आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

नातवाने हा इतिहास मला सांगितला तेव्हा मी गप्प झालो. कारण कंपनीचं मला माहीत नाही, पण ती पहिली आवृत्ती मी स्वतः खेळलो आहे.

माझी दोन्ही मुलं पाळण्यातून थेट पहिलीत गेली. म्हणजे माझ्या हिशेबात. पाळणा आठवतो, कारण बारशाला मी पेढे वाटले. मग आठवतो तो पाढा. मधली पाच वर्षं कोरी आहेत. वाकोल्यात तेव्हा आमची एक खोली, पुढे सामाईक गॅलरी, डोक्यावरून विमानं. सकाळची शाळा, दुपारी शिकवण्या, रात्री तपासायला वह्या. पहाटे उठून आरेच्या केंद्रावर रांग लावून मी बाटल्या आणायचो. दूध मी आणतो म्हणजे पोरं मी वाढवतो असा माझा प्रामाणिक समज होता. विमान गेल्यावर दचकून उठलेल्या पोराला पुन्हा कोण झोपवत होतं, याची मी कधी चौकशी केली नाही. पोर रडलं की मी "अगं, बघ ना" असं म्हणायचो. एवढीच माझी बालसंगोपनातली कामगिरी.

तर आमच्या पाहुण्यांनी वापरलेला शब्द घेऊ. भातुकली. शब्द अगदी बरोबर आहे, पण भातुकलीत मुलग्याला काम काय असायचं हे आठवा. "तू बाबा. तू ऑफिसला जा." मग तो जिन्यापर्यंत जायचा, तिथे गोट्या खेळायचा, आणि हाक आली की जेवायला यायचा. पोरी मात्र तेवढ्या वेळात चुरमुऱ्यांचा भात करायच्या, बाहुलीला न्हाऊ घालायच्या, पायांवर घेऊन झोपवायच्या. त्या बाहुलीला कोणी खोटं बाळ म्हणालं नाही. उलट बायका कौतुकाने म्हणायच्या, बघा, आत्तापासून किती माया आहे. म्हणजे खोटं बाळ पोरीच्या मांडीवर असलं की संस्कार, आणि पोराच्या पडद्यावर असलं की थट्टा. हे कुठलं तर्कशास्त्र? आणि बंदूक चालवलेली चालते! खेळातलं माणूस मारलं तर मर्दपणा, खेळातल्या पोराला भरवलं तर बायकी. साहेब, जरा विचार करून बोलत चला.

तेहेतीस वर्षं मी मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवलं. हजेरी घेताना काल का आली नाहीस म्हणून विचारलं की पाचवी-सहावीतल्या मुलींचं एक उत्तर ठरलेलं असे: "सर, धाकट्याला सांभाळायचं होतं." आई धुण्याभांड्याला गेलेली, म्हणून दहा वर्षांची पोर घरी. तेहेतीस वर्षांत एकाही मुलग्याने मला हे कारण दिलं नाही. त्यांची कारणं ताप, लग्न आणि गावची जत्रा. मुलींना मी काय म्हणायचो? "अभ्यासाचं नुकसान होतंय, आईला सांग." आईला! ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, १९५७मध्ये ते कोसबाडला नेलं. तिथे त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, कारण कडेवर धाकटं असलेली मोठी मुलं त्याशिवाय शाळेत येणारच नव्हती. बी.एड.च्या परीक्षेत मी यावर झकास उत्तर लिहिलं होतं. वर्गात येऊन मात्र त्या पोरींना रागावलो.

कोणी म्हणेल, आबा, जुनं उकरू नका, आता बाप बदलले. बदललेत थोडे, मी आमच्या इमारतीत बघतो. पण २०१९च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांची ९७, असं निघालं. मुळात घरकाम करणारे पुरुषच शंभरात सव्वीस. २०१७ साली, म्हणजे खेळात ही पोरं परत आली त्याच वर्षी, आपल्याकडे प्रसूती रजेचा कायदा सुधारला. बारा आठवड्यांचे सव्वीस आठवडे झाले, फार चांगलं झालं. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावं, असंही आलं. बाप? त्या कायद्यात बापाला रजाही नाही आणि पाळणाघरात डोकवायची एक फेरीही नाही. तो जिन्यात गोट्या खेळतोय, असं गृहीत धरलेलं दिसतं.

खेळात दोष आहेत, नाही असं नाही. तिथलं टॉडलरपण सात दिवसांचं, आणि तो दिवस आपल्या चोवीस मिनिटांचा. तीन तासांच्या आत आटोपतं. खेळ मध्येच थांबवता येतो. ही सोय आमच्या सौ.ला मिळाली असती तर तिने निदान एक कप चहा गरम प्यायला असता. त्या बाळाच्या हातातही टॅब्लेट देतात, आणि त्याने त्याची हुशारी वाढते म्हणे. हे मला पटत नाही. पट्ट्या भरायचं वेडही मला आवडत नाही. पण ते वेड खेळाने आपल्याला लावलंय की आपण खेळाला? नर्सरीच्या प्रवेशासाठी अडीच वर्षांच्या लेकराला रंग आणि फळं घोकून घेणारे आईबाप या वाकोल्यात किती दाखवू? त्यांच्या पट्ट्या तर पाच, आणि लक्ष देण्याची सहावी पट्टी नाहीच.

खोट्या बाळापासून खरं काय शिकणार, हा पाहुण्यांचा दुसरा मुद्दा होता. त्याचंही ऐका. शेजारची दोन वर्षांची चिमुरडी परवा आमच्याकडे सोडली होती. खेळता खेळता ती एकदम दाराच्या कोपऱ्यात जाऊन गप्प उभी राहिली. मी म्हटलं, लाजली असेल. नातू मान वर करून म्हणाला, "आबा, तिला शू लागली असेल." आणि घेऊन गेला. अंदाज बरोबर होता. सत्तरी उलटलेल्या, दोन मुलांच्या बापाला हे कळलं नाही.

गणपती गेल्यावर मी त्याच्याकडे हा खेळ शिकायला बसलो. रविवारची दुपार. मला एक बाप आणि एक पोर दिलं. मी बापाला आधी नोकरीवर पाठवलं, मग पुस्तक वाचायला बसवलं. अर्ध्या तासात सरकारी बाई आल्या आणि पोर नेलं. नातू इतका हसला की त्याची आजी स्वयंपाकघरातून बाहेर आली. तेव्हा त्याने सहज विचारलं, "आबा, बाबा पहिल्यांदा कधी चालला?"

मी सौ.कडे बघितलं.

"अकराव्या महिन्यात," ती म्हणाली. "गॅलरीत. पिंप धरून उभा होता, तो हात सोडून दाराशी आला. तुम्ही घरातच होतात. वह्या तपासत होतात. मी हाक मारली, अहो बघा बघा. तुम्ही 'हो हो' म्हणालात आणि मान वर केली नाहीत."

वाक्यात तक्रार नव्हती. पदराला हात पुसले आणि आत गेली, कुकरची शिटी होत होती.

तेव्हा आमच्या त्या नातेवाइकांना जाहीर निमंत्रण आहे. दिवाळीत या. लॅपटॉप बाहेरच्या खोलीत, टीपॉयवर असेल. नातू तुम्हाला एक पोर देईल, चिकट स्वभावाचं मागून घ्या. बाईंनी तासाभरात ते नेलं नाही, तर मी तुमची जाहीर माफी मागेन, याच ब्लॉगवर. माझ्या दुसऱ्या पोराची पॉटीची शिकवण तीनातल्या दुसऱ्या पायरीवर आली आहे. आज त्याला झोपवून मग हे लिहायला बसलो.