डाळिंबाच्या बांधावरचं औषध
बागलाणातल्या नामपूरच्या शिवारात डाळिंबाला फुलं लागली की परागीभवनासाठी बांधावर मधपेट्या दिसू लागतात, आणि या आठवड्यात तिकडच्याच एका वाचकांनी विचारलं, हिरड्या सुजल्यात, रात्री मध लावून झोपू का? मुळीच नको. मधात 80 टक्क्यांच्या आसपास साखर असते. आयुर्वेदातला मधाचा गंडूष तोंडात धरून थुंकायचा, रात्रभर दातांवर ठेवायचा नव्हे. हिरड्यांसाठी पेटीतला अधिक मोलाचा पदार्थ प्रोपोलिस. झाडांच्या कळ्यांचा आणि सालींचा चीक आणून, त्यात मेण मिसळून माशी फटी बुजवते. त्यातली फ्लॅव्होनॉइडं तोंडातल्या जंतूंना आवरतात आणि सूज भडकवणारी रसायनं कमी करतात, म्हणून जगभर त्याच्या चुळा नि टूथपेस्ट तपासल्या गेल्या. आपली सातेरी माशी प्रोपोलिस जवळपास गोळाच करत नाही. ते काम पेट्यांतल्या मेलिफेरा या परदेशी माशीचं. पण हाच चिकट पदार्थ कीटकनाशकांचे अंशही धरून ठेवतो. तेव्हा बागलाणच्या बागाईतदारांनो, फुलोऱ्यात विषारी फवारणी थांबवाच. माशी मेली तर फळधारणाही घटते, अन् औषधही नासतं. आणि हिरडीतून रक्त येणाऱ्यांनी आधी दंतवैद्याकडे जाऊन कीटण काढून घ्यावं. ते तसंच ठेवून प्रोपोलिसच्या कितीही चुळा भरल्या तरी सूज परत येणारच. मधमाशीच्या पदार्थांची ॲलर्जी असेल, तर त्या चुळाही नकोत.