शॉर्टेज कुणाच्या पगारातून?

आमच्या सल्ला केंद्रात येणाऱ्या बायका बहुतेक मारहाणीची, पोटगीची, नाही तर रेशनकार्डाची तक्रार घेऊन येतात. गेल्या पावसाळ्यात एक चोवीस वर्षांची मुलगी आली ती पगाराची चिठ्ठी घेऊन. कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात लहान मुलांच्या विभागात ती उभी असते. पगार ११,००० रुपये, हातात आले ९,६००. कापलेल्या १,४०० रुपयांपुढे एकच शब्द होता : शॉर्टेज.

वहीप्रमाणे जेवढा माल असायला हवा तेवढा मोजणीत भरला नाही, की दुकानात त्याला शॉर्टेज म्हणतात. त्या खेपेला ११,२०० रुपयांचा माल कमी भरला. विभागात मुली आठ. भागिले आठ, विषय संपला. माल कुठे गेला हे शोधायच्या भानगडीत कुणी पडलं नाही.

खरं तर माल कमी भरण्याची कारणं कितीतरी असतात. गिऱ्हाईक उचलून नेतं, हे एक. कामावरची माणसं नेतात, हे दुसरं. पण पुरवठादाराकडून खोकंच कमी भरून आलेलं असतं, मागच्या दाराने माल घेताना ते कुणी मोजलेलं नसतं. दोन फ्रॉकना एकच बारकोड लागतो. परत आलेला कपडा मांडणीवर जातो पण नोंदला जात नाही. फाटलेला, डागाळलेला माल नोंद न करताच फेकला जातो. यातलं किती चोरीचं आणि किती ढिसाळपणाचं, हे निव्वळ आकड्यावरून दुकानदारालाही सांगता येत नाही. सांगता येतं ते एवढंच, की कुणाकडून वसूल करणं सगळ्यात सोपं आहे.

वसुलीपाठोपाठ झडती. रात्री साडेनऊला सुटताना मुलींनी ओळीत उभं राहायचं. पर्स, डबा, छत्री, आणि पाळीच्या दिवसांत पॅडचं पाकीटसुद्धा उघडून दाखवायचं. झडती घेणारी बाई असते, पण ती जिन्याखाली, येणाऱ्या-जाणाऱ्या पुरुषांसमोर घेते. मॅनेजर लोक पुढच्या काचेच्या दारातून जातात. त्यांची बॅग कुणी उघडत नाही. "ताई, पैशांचं एक वेळ चालेल," ती मुलगी म्हणाली, "पण रोज रात्री आधी मी चोर नाही हे दाखवायचं आणि मग बस पकडायची, हे नको झालंय."

मैत्रिणींनो, दुकानात चोऱ्या होतच नाहीत, सगळं मालकाचं कुभांड आहे, असं मी म्हणणार नाही. चोऱ्या होतात. ट्रायल रूममध्ये पाच कपडे न्यायचे, दोन अंगाखाली घालून तीन परत द्यायचे, ही जुनी युक्ती आहे. दुकानदाराने माल राखावा, हे रास्तच आहे. प्रश्न आहे तो कसा राखायचा आणि त्याचा खर्च कुणी सोसायचा हा.

पूर्वी वाण्याच्या दुकानात माल गल्ल्यामागे असायचा. मागावं तेव्हा वाणी काढून द्यायचा. आता माल उघड्यावर मांडलेला असतो. गिऱ्हाइकाने हात लावावा, मोहात पडावं, लागणार नव्हतं तेही घ्यावं, हाच त्या मांडणीचा हेतू. त्यातून विक्री वाढते आणि माणसंही कमी लागतात. हा दोन्हीकडचा फायदा दुकानाचा. मग उघड्या मांडणीतून जे जातं तो तोटा मात्र मुलींचा कसा?

या मुलीच्या दुकानात पूर्वी ट्रायल रूमपाशी एक जण कायम असायची. आत जाणारे कपडे मोजायची, तेवढ्या आकड्याचा बिल्ला द्यायची, बाहेर येताना पुन्हा मोजायची. दोन वर्षांपूर्वी ती सोडून गेली, ती जागा भरलीच नाही. एक पगार वाचवला, आणि वाढलेली शॉर्टेज उरलेल्या आठजणींच्या पगारातून कापली. चोरी रोखायचा सगळ्यात जुना आणि साधा उपाय म्हणजे आलेल्या गिऱ्हाइकाकडे लक्ष द्यायला पुरेशी माणसं ठेवणं. दारातला तो किंचाळणारा यंत्राचा खांब माणसाची जागा घेत नाही. गल्ल्यावर टॅग काढायचा राहिला तरी तो ओरडतोच, आणि पैसे मोजून निघालेली बाई चारचौघांत खालमानेने उभी राहते.

आणि संशय तरी कुणाचा? दुकानाचा रखवालदार नऊवारीतल्या, उन्हाने रापलेल्या, पोर कडेवर घेतलेल्या बाईच्या मागे मागे फिरतो. पारधी समाजातल्या बायका आम्हाला सांगतात की मोठ्या दुकानात पाऊल टाकायचीच हिंमत होत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींना जन्माने चोर ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये गेला, नजर काही गेली नाही. त्या रखवालदाराची नजर तिच्यावर खिळलेली असताना चांगल्या कपड्यांतलं गिऱ्हाईक निवांत फिरत असतं, हा शुद्ध व्यवहाराच्या बाजूनेही तोटाच आहे.

आता थोडं अवघड बोलते. त्याच दुकानातली आणखी एकजण नंतर केंद्रात आली. ही गल्ल्यावर होती, वय छत्तीस, दोन मुलं. हिने खरोखरच पैसे घेतले होते. लोक बिल तिथेच टाकून जातात. ती बिलं गोळा करायची, कपडा परत आला अशी खोटी नोंद करायची आणि रिफंडची रक्कम गल्ल्यातून काढून घ्यायची. दोन महिन्यांत जवळपास नऊ हजार. मुलाच्या शाळेची फी आणि सावकाराचा हप्ता, असं तिने सांगितलं. मी ते खरं मानते, पण म्हणून तिने केलं ते बरोबर होतं असं नाही. तिच्या खोट्या नोंदींमुळे वहीतला माल वाढत गेला आणि प्रत्यक्षातला तेवढाच राहिला. म्हणजे तिने घेतलेल्या पैशांचा काही भाग त्या आठ मुलींनीच भरला.

आमच्या गटात यावर दोन बैठका झाल्या. एकीचं म्हणणं, अशा बाईची बाजू आपण घेतली तर उद्या पहिल्या मुलीवर कोण विश्वास ठेवेल? मला तो मुद्दा पटला नाही, अजूनही पटत नाही. तिला चार तास वरच्या खोलीत कोंडून ठेवलं होतं. एका कबुलीजबाबावर आणि दोन कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या. महिनाभराचा पगार अडवला. चोरी केलेल्या बाईलाही कोंडून ठेवायचा हक्क दुकानाला मिळत नाही. पोलिसांत जायचं तर जा, चौकशी करायची तर लेखी करा. आपण जर फक्त निर्दोष बायकांच्याच मागे उभं राहायचं ठरवलं, तर निर्दोष कोण हे ठरवायचं काम मॅनेजरकडेच राहील.

शिवाय ही फसवणूक रोखणं अवघड नव्हतं. परत आलेला कपडा प्रत्यक्ष समोर असल्याशिवाय रिफंड नाही. गल्ल्यावरची एक आणि विभागातली एक अशा दोन सह्या. ज्या रीतीने पैसे आले त्याच रीतीने परत, कार्डाचे कार्डावर. बिल नसेल तर रोख न देता क्रेडिट नोट. प्रत्येकीला स्वतःचा पासवर्ड. (या दुकानात तिघी मिळून एकच वापरायच्या, आणि जेवणाच्या सुट्टीत फ्लोअर मॅनेजरही.) आठवड्याला कुणाच्या नावावर किती रिफंड झाले एवढं पाहिलं असतं तरी हे पंधरा दिवसांत उघडं पडलं असतं. यातल्या एकाही उपायात कुणाची पर्स उघडावी लागत नाही. आणि हो, लग्नात एकदा मिरवून साडी दुसऱ्या दिवशी घडी घालून परत करणाऱ्या बायका आपल्या ओळखीतही निघतील. तोही रिफंडचा गैरफायदाच, पण त्यांना कुणी वरच्या खोलीत नेत नाही.

कायद्याचं म्हणाल तर तो याबाबत बराच स्पष्ट आहे. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात होतं आणि नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही आहे : हरवलेल्या मालापोटी पगार कापायचा तर तो माल त्या व्यक्तीच्या ताब्यात स्पष्टपणे सोपवलेला हवा, नुकसान थेट तिच्याच हयगयीमुळे झालेलं हवं, आणि कापण्याआधी तिला आपलं म्हणणं मांडायची संधी दिलेली हवी. शेकडो हात जिथे फिरतात ती उघडी मांडणी आठजणींच्या 'ताब्यात' कशी असेल? भागिले आठ म्हणजे कुणाचीच हयगय सिद्ध न करता सगळ्यांना दंड. झडतीचंही तसंच. पोलिसांनासुद्धा बाईची झडती बाईकडूनच, सभ्यता राखून घ्यावी लागते. आणि उचलेगिरी करणाऱ्या गिऱ्हाइकाबद्दल जुलै २०२४ पासूनची भारतीय न्याय संहिता म्हणते की पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी असेल, पहिल्यांदाच दोषी ठरली असेल आणि माल किंवा किंमत परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची. दुकानाच्या वरच्या खोलीतली शिक्षा त्याहून कडक असते.

विक्रेत्या बायकांचे प्रश्न चळवळीत उशिरा आले. गिरणी, विडी, मोलकरीण यांच्या संघटना आपण पाहिल्या. काचेच्या दारामागची, लिपस्टिक लावलेली मुलगी आपल्याला कामगार वाटलीच नाही. केरळात कोळिकोडच्या विक्रेत्या बायका संडासाच्या आणि बसायच्या हक्कासाठी एकत्र आल्या तेव्हा त्यांनाही आधी हसले असतील. २०१८ मध्ये केरळने कायदा बदलून बसायची सोय सक्तीची केली, २०२१ मध्ये तामिळनाडूने.

आम्ही दुकानाला तीन मागण्यांचं पत्र दिलं. रिफंडवर दोन सह्या महिन्याभरात सुरू झाल्या, कारण त्यात त्यांचेच पैसे वाचतात. ट्रायल रूमपाशी पुन्हा बिल्ले आले, माणूस मात्र अर्धवेळ. पगार कापण्याबद्दल लेखी उत्तर नाही. पुढच्या चिठ्ठीवर फक्त शब्द बदलला होता. शॉर्टेजच्या जागी आता 'इतर वजावट' छापतात. मार्चअखेरची मोजणी तोंडावर आली आहे. त्याआधी आठही जणींच्या चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स आमच्या कपाटात हव्यात. आजवर पाच आल्या आहेत.