कृतज्ञता हवी, पण देणाऱ्याचे नाव पुसून नको!

नोव्हेंबर महिना उजाडला की अमेरिकेत शिकायला, नोकरीला गेलेल्या आपल्या मुलामुलींचे फोन येतात. चौथ्या गुरुवारी त्यांना सुट्टी असते. त्या दिवशी टर्की नावाचा मोठा पक्षी भाजतात, भोपळ्याचा गोड पदार्थ करतात. सारे कुटुंब टेबलाभोवती बसते आणि आपण कुणाचे, कशाबद्दल ऋणी आहोत हे एकेकजण सांगतो. या सणाचे नाव थँक्सगिव्हिंग. आईबापांचे, शिक्षकांचे, मित्रांचे आभार मानण्यात वाईट काय आहे? काहीच नाही. आपण म्हणतो त्या महामंगल सुत्तातही कृतज्ञतेची गणना मंगलात केलेली आहे. परंतु आपण फुले-आंबेडकरी विचारांची माणसे आहोत. ताटातले अन्न कुणाच्या शेतातले, हा प्रश्न आपल्याला पडलाच पाहिजे.

अमेरिकेतल्या पिढ्यानपिढ्यांना शाळेत शिकवलेली गोष्ट अशी. १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून १०२ इंग्रज प्रवासी आले. पहिल्याच हिवाळ्यात त्यांच्यातले जवळपास निम्मे मेले. तेव्हा तिथल्या वाम्पानोआग लोकांनी त्यांना मका पिकवायला शिकवले. १६२१ च्या सुगीला प्लिमथ येथे दोघांनी तीन दिवस एकत्र जेवण केले. वाम्पानोआगांचे प्रमुख मॅसासॉइट यांच्यासोबत सुमारे ९० माणसे होती आणि त्यांनी पाच हरणे मारून आणली होती. इथवर खरे आहे. मग गोष्ट इथेच का थांबवली जाते?

कारण पुढचे आणि मागचे सांगितले तर घास घशाखाली उतरणार नाही. प्लिमथची वसाहत जिथे उभी राहिली, तिथे पटक्सेट नावाचे भरले गाव होते. १६१६ ते १६१९ च्या दरम्यान युरोपियनांच्या संपर्काने आलेल्या साथीत ते ओस पडले. मक्याची शेती शिकवणारा टिस्क्वांटम त्याच गावचा. १६१४ साली एका इंग्रज कप्तानाने त्याला पळवून स्पेनमध्ये गुलाम म्हणून विकायला नेले होते. तो परतला तेव्हा गावात कुणीही उरले नव्हते. अशा माणसाने परक्यांना जगवले! आणि परतफेड काय मिळाली? मॅसासॉइटचा मुलगा मेटाकॉम १६७५ साली जमीन वाचवण्यासाठी लढायला उठला. १६७६ साली त्याला ठार करून त्याचे मुंडके याच प्लिमथमध्ये भाल्यावर लावले गेले. ते वर्षानुवर्षे तिथेच होते. ज्याच्या बापाने हरणे आणली, त्या मुलाची ही गत!

१६२१ च्या जेवणाला त्या वसाहतवाल्यांनी आभाराचा सण म्हटलेले नव्हते. ते नाते एकोणिसाव्या शतकात जोडले गेले. १८६३ साली यादवी युद्ध चालू असताना अब्राहम लिंकन यांनी हा दिवस राष्ट्रीय पातळीवर जाहीर केला. गुलामांच्या मुक्तीची घोषणाही त्याच वर्षीची. परंतु त्याच्या आदल्या वर्षी, २६ डिसेंबर १८६२ रोजी, मिनेसोटात डकोटा जमातीच्या ३८ जणांना एकाच वेळी फाशी दिली गेली. एका हाताने बेड्या तोडणारे सरकार दुसऱ्या हाताने फास आवळत होते. इतिहास असा दोन्ही डोळ्यांनी पाहावा लागतो.

१९७० साली मेफ्लॉवरच्या आगमनाला ३५० वर्षे झाली. मॅसॅच्युसेट्स राज्याने समारंभात बोलायला वाम्पानोआग समाजाचे फ्रँक जेम्स यांना बोलावले. भाषण आधी वाचायला मागितले. त्यात खरा इतिहास होता, म्हणून ते बदलण्यास सांगितले. जेम्स यांनी ते भाषण करण्यास नकार दिला! त्याच वर्षी थँक्सगिव्हिंगच्या दिवशी प्लिमथच्या टेकडीवर, मॅसासॉइटच्या पुतळ्याजवळ त्यांनी राष्ट्रीय शोकदिन पाळला. तेव्हापासून दरवर्षी तो पाळला जातो. यांच्यात कृतज्ञता नाही असे कुणी म्हणू नये. हे लोक ऋतूऋतूला, पिकापिकाला निसर्गाचे आभार मानत आलेले आहेत. त्यांना नको आहे तो खोटा आभार.

आणि आजचे काय? त्याच लोकांच्या मॅशपी वाम्पानोआग जमातीला अमेरिकन सरकारने मान्यता दिली ती २००७ साली. ३२१ एकर राखीव जमीन टिकवण्यासाठी त्यांना कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या. २०२१ च्या अखेरीस सरकारने ती कायम केली. अवघा किनारा ज्यांचा होता, त्यांनी ३२१ एकरांसाठी कुणाचे आभार मानायचे?

हा प्रश्न आपल्याला परका नाही. गावकीची बारमाही कामे करून मिळणाऱ्या शिळ्या भाकरीला गाव उपकार म्हणत असे. ती मजुरी होती, तीही अपुरी! आजही हक्काच्या सवलतीला कुणी ‘दिले’ म्हणतो, तेव्हा भाषा तीच असते. घेणारा दाता बनतो आणि देणारा याचक ठरतो.

मग खरी कृतज्ञता कशी असते? महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ज्यांनी काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. ज्यांना कधी पाहिले नाही त्यांचे ऋण फुल्यांनी मानले, कारण त्यांनी माणसाला माणूस केले. १९१३ साली बाबासाहेब बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला शिकायला गेले. पुढे १९२५ साली प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ त्यांनी सयाजीराव महाराजांना अर्पण केला. नाव घेऊन, कारण सांगून. आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनीच बजावले की थोर पुरुषांविषयी कृतज्ञ राहावे, पण कृतज्ञतेलाही मर्यादा आहे. स्वाभिमान किंवा स्वातंत्र्य गहाण टाकून ती पाळता येत नाही. २०२० साली अमेरिकेतला हा गुरुवार २६ नोव्हेंबरला, नेमका संविधान दिनी आला होता.

तेव्हा परदेशातल्या आपल्या मुलांना आम्ही सण पाळू नका असे सांगणार नाही. सहकाऱ्यांच्या घरी जा, जेवा, आभार माना. पण तुमची पाळी आली की त्या टेबलावर वाम्पानोआगांचे नाव घ्या. तुमच्या लेकरांना टिस्क्वांटमची पूर्ण गोष्ट सांगा. आणि ज्या वस्तीतून, ज्या वसतिगृहातून तुम्ही तिथवर पोहोचलात, तिथल्या एका मुलाच्या शिक्षणाचा भार उचला. नुसत्या हार-तुऱ्यांनी बाबासाहेबांचे ऋण फिटत नाही, तसे नुसत्या जेवणाने कुणाचेही फिटत नाही.

जयभीम!